सोलापुरात बसून १९६९ चा चार्जर बनवा: २५ स्केलच्या मसल कारची पूर्ण रीत

किट, म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या पार्टांचं खोकं, सोडलं तर गाडीचं मॉडेल बनवायच्या या छंदाला लागणारं जवळजवळ सगळं सोलापुरात मिळतं, फक्त ते एका दुकानात मिळत नाही. तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं, ब्लेड सर्जिकलच्या दुकानात, पुट्टी आणि वॉटर पेपर गाड्यांचा कलर विकणाऱ्याकडं, डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडं. दुकानदार विचारतो कशाला पायजे, आणि आपण "कारला" म्हटलं की तो बाहेर उभी गाडी शोधतो, तेवढं सहन करायचं. किट मात्र ऑनलाइनच मागवावं लागतं. एएमटी, रेव्हेल, एमपीसी या कंपन्यांची अमेरिकन गाड्यांची किटं बहुतेक २५ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी असतात, मोनोग्रामची जुनी किटं २४ ची. या दोन स्केलमधली चाकं, इंजिनं एकमेकांत खपून जातात, डोळ्याला फरक कळत नाही, तेव्हा एका किटची चाकं दुसऱ्याला लावताना घाबरू नका.

मी इथं १९६९ चा डॉज चार्जर आर/टी धरून सांगतोय, कारण एक तर ती गाडी दिसते भारी आणि दुसरं म्हणजे तिच्यात कस्टम कामाला जागा भरपूर. मसल कार म्हणजे काय हे थोडक्यात, मध्यम साइजच्या दोन दाराच्या गाडीत कंपनीकडं असलेलं सगळ्यात मोठं व्ही-८ इंजिन घालायचं आणि किंमत तरुण पोरांना परवडेल अशी ठेवायची. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून ही लाट आली असं बहुतेक जण धरतात. चार्जर आर/टीला ४४० मॅग्नम इंजिन येत होतं ३७५ हॉर्सपॉवरचं, आणि जादा पैसे मोजले तर ४२६ हेमी, ४२५ हॉर्सपॉवर. हे ४२६ म्हणजे घन इंच, आपल्या भाषेत जवळजवळ ७००० सीसी. आपली मारुती ८०० होती ७९६ सीसीची, म्हणजे हिशोब करा.

आता या सगळ्या लेखातली मुख्य गोष्ट, ही पक्की डोक्यात ठेवा: काहीही लावायच्या आधी खऱ्या गाडीतलं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि २५ ने भागा. वायर असो, पाइप असो, नंबर प्लेट असो, सीटची शिलाई असो. खरा चार्जर २०८ इंच लांब, म्हणजे ५२८३ मिलिमीटर, भागिले २५, मॉडेल साधारण २११ मिलिमीटर. व्हीलबेस ११७ इंच, मॉडेलमध्ये ११९ मिलिमीटर. कस्टम मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते शक्यतो कलरमुळं नाही, कोणीतरी हाताला लागली ती जाड वायर इंजिनात घातलेली असते, ती भागून बघितली तर खऱ्या गाडीत मनगटाएवढी होते.

किट आलं की लगेच फ्रेममधून, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले असतात त्यातून, पार्ट तोडत बसू नका. आधी सूचना-पत्रक घेऊन पार्ट मोजा, मग भांड्याच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात सगळ्या फ्रेम धुवा, साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून तेलकट थर असतो त्यावर कलर धरत नाही. सुकवताना एक सोलापुरी सूचना, नव्या टॉवेलनं पुसायचं नाही, धागे सोडतो. तशीच वाऱ्यावर वाळू द्या. पार्ट तोडायला चांगला निपर घ्या किंवा ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल, दोन्ही मेडिकलवाल्यांकडं स्वस्तात मिळतं आणि धार जबरदस्त, म्हणून बोटं जपून.

बॉडी हातात घेऊन उजेडात फिरवा. पुढच्या मडगार्डवरून, छताच्या कडेवरून मागंपर्यंत एक बारीक उंचवट्याची रेघ जाते, ती साच्याच्या जोडाची. ती ४०० च्या पेपरनं, मग ६०० नं पाणी लावून पूर्ण घालवायची. वॉटर पेपरचं काम आलं की पाणी लागणार, नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी हे काम काढून घरच्यांची बोलणी खाऊ नका, एका वाटीभर पाण्यात अख्खी बॉडी घासून होते.

त्यानंतर दाराच्या फटी. खऱ्या गाडीत दार आणि बॉडीमधली फट ५ मिलिमीटर धरा, २५ ने भागली की ०.२ राहते. प्रायमर, कलर आणि क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चमकीचा थर, मिळून ती सहज भरून जाते आणि मग दार रंगवलेलं वाटतं, उघडणारं वाटत नाही. म्हणून कलरच्या आधी ब्लेडच्या उलट्या बाजूनं, म्हणजे पाठीनं, त्या रेघांवरून हळूहळू ओढत जायचं, दर वेळी प्लास्टिकचा बारीक केस निघाला पाहिजे. जोर लावायचा नाही, घसरलं तर दारावर ओरखडा. दारं, बॉनेट, डिकी सगळ्या फटी खोल करा. या एका कामाला संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

कस्टम कापाकापी करायची तर ती आत्ताच, कलरच्या आधी. सगळ्यात जास्त फरक पडतो तो गाडीच्या बसण्यात. किट जसं येतं तसं जोडलं तर बरेचदा गाडी उंटावर बसल्यासारखी दिसते. त्या काळातल्या पोरांची आवड म्हणजे पुढून खाली, मागून किंचित वर आणि मागं जाड टायर. खऱ्या गाडीत दोन इंच खाली म्हणजे मॉडेलमध्ये फक्त २ मिलिमीटर, बस, यापेक्षा जास्त करू नका. पुढच्या चाकाचा स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो दांडा, कापून २ मिलिमीटर वर चिकटवा, मागं पट्टीची स्प्रिंग चेसिसला जिथं टेकते तिथं १ मिलिमीटरची प्लास्टिक पट्टी घाला. ही पट्टी म्हणजे किटची रिकामी फ्रेम घासून सपाट केलेली. आणि प्रत्येक वेळी टेपनं चाकं तात्पुरती लावून काचेवर ठेवून बघा, चारही चाकं टेकतात का. तीन टेकली आणि एक अधांतरी असं नेहमी होतं, ते आत्ताच सुधारायचं.

बॉनेटवर स्कूप, म्हणजे हवा आत घेणारा उंचवटा, पाहिजे असेल तर एम-सील वापरा. दोन्ही भाग नीट मळून ढोबळ आकार द्या, बोट ओलं करून गुळगुळीत करा, दुसऱ्या दिवशी ब्लेड आणि पेपरनं नेमका आकार काढा. कडा धारदार पाहिजेत, मऊ कडा असल्या की मातीचा वाटतो. बारीक खड्डे भरायला गाडीवाल्यांची एनसी पुट्टी चालते पण ती वाळताना बसते आणि तिच्यातलं थिनर प्लास्टिक खातं, म्हणून पातळ थर, एक दिवस वाळवणं, मग दुसरा. माझी पसंती वेगळी आहे, किटच्या फ्रेमचे तुकडे प्लास्टिक सिमेंटच्या बाटलीत विरघळवून लगदा करायचा आणि तो भरायचा. तेच प्लास्टिक असल्यामुळं घासल्यावर जोड दिसतच नाही.

चिकटवण्याचं बोलायचं तर प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट, पातळवालं, ब्रशनं जोडावर टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. फेविक्विक फक्त धातू किंवा रबर असेल तिथं, आणि काचेच्या आसपास अजिबात नाही, तिच्या वाफेनं काच पांढरी पडते आणि मग ती पुसून जात नाही. काचेला साधा फेविकॉल, वाळल्यावर पारदर्शक होतो.

आता इंजिन, इथं मी थोडा रेंगाळणार आहे कारण बॉनेट उघडून दाखवताना लोक तिथंच बघतात. किटमध्ये हेमी असेल तर ब्लॉकला नारिंगी कलर, वरची दोन रुंद व्हॉल्व्ह कव्हर काळी, चमक नसलेली. शेव्हरोलेट करत असाल तर तिचंही नारिंगी पण छटा वेगळी, आणि १९६६ नंतरच्या फोर्डला गडद निळा. हेमीची ओळख अशी की स्पार्क प्लग बाजूला नसतात, व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध चार भोकं आणि वायरी थेट त्यात जातात, म्हणून वायरिंग केलं की ते उठून दिसतं.

वायर किती जाडीची? खरी प्लग वायर ८ मिलिमीटर, भागिले २५, ०.३२. रिवाइंडिंगवाल्याकडं जाऊन ३० गेजची वाइंडिंग वायर मागायची, ती ०.३१५ मिलिमीटर भरते, अगदी पाहिजे तीच. अक्कलकोट रोडच्या बाजूला लूमच्या मोटरी भरणारी दुकानं आहेत, तिथं बॉबिनच्या शेवटी उरलेली हातभर तार कोणीही देतं, "काय बे, एवढ्याशा तारेत काय भरतो?" एवढं ऐकायची तयारी ठेवा. इनॅमलचा तांबूस रंग तसाच ठेवू नका, मॅट काळा मारा. बॅटरीच्या केबलला जाड पाहिजे, अर्धा मिलिमीटर पुरे, आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला रेडिओ रिपेअरवाल्याची २ मिलिमीटरची सोल्डर वायर, ती वाकवली तशी राहते.

या वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पिनव्हाइसनं, म्हणजे बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलनं, बारीक भोकं पाडायची, कडेनं आठ आणि मधोमध कॉइलचं एक. पिनव्हाइस नसेल तर शिवणाच्या सुईचं टोक तापवून करता येतं पण भोक वाकडं जातं, छोटा हातड्रिल घेतलेला बरा. वायरी कुठं जातात यालाही नियम आहे. क्रायस्लर आणि शेव्हरोलेट दोघांच्या व्ही-८ ला फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, टोपीवरच्या वायरी याच क्रमानं आपापल्या सिलिंडरला जातात. गाडीत बसून पुढं तोंड केलं की डाव्या ओळीत पुढून मागं १, ३, ५, ७ आणि उजव्या ओळीत २, ४, ६, ८. स्टिअरिंग डावीकडं असतं हे विसरू नका, आपल्या सवयीनं ड्रायव्हरची बाजू म्हणजे उजवी धरली की सगळं उलटं बसतं. एवढं कोण तपासतं असं वाटेल, पण जो तपासतो तो पहिल्यांदा हेच तपासतो.

चेसिस आणि आतल्या भागावर जास्त वेळ घालवू नका. चेसिस खालून मॅट काळा किंवा प्रायमरचा तांबूस, सायलेन्सरला चंदेरी मारून कडेला थोडा गंजाचा तपकिरी, झालं. आत मात्र कार्पेट करा, आणि हे काम सोलापूरकरांनाच सोपं आहे. घरातला जुना टॉवेल घ्या, त्याच्या वरच्या फासांचा कापूस कात्रीनं अगदी बारीक पिठासारखा कापा, पाहिजे तो रंग नसेल तर आधीच रंगीत टॉवेल निवडा. चहाच्या गाळणीतून चाळा. फ्लोअरवर पाणी घातलेला फेविकॉल ब्रशनं लावून त्यावर गाळणीनंच टाका, वाळल्यावर उलटं करून झटका. बारीक कापलंय की नाही याची परीक्षा तीच, कार्पेटचा खरा केस ७-८ मिलिमीटर, म्हणजे इथं पाव मिलिमीटरच्या आसपास, लांब राहिला की गाडीत गवत उगवल्यासारखं दिसतं.

बॉडीचा कलर. इथं किटपेक्षा हवा महत्त्वाची. सोलापूरचा मे म्हणजे पारा ४२-४३, दुपारी स्प्रे मारला तर कलर बॉडीवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट दिवशी लॅकर मारला तर पांढरट धुकं धरतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, वारं सुटायच्या आत. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे सहाला आणि डबा थोडा जवळ धरून. थंडीत डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा, कलर बारीक सुटतो, पण गॅसजवळ किंवा उन्हात डबा कधीच ठेवायचा नाही, फुटतो. ज्यांच्या गल्लीत लूम चालतात त्यांनी सुट्टीच्या दिवशी, लूम बंद असताना मारा, कापसाची धूळ ओल्या कलरवर बसली की ती निघत नाही. गच्चीवर मारण्याआधी फरशीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला मास्क लावा, साधा कापडी नाही, कलरवाल्यांचा गाळणीवाला.

गाड्यांचा एनसी कलर पॉलिस्टायरिन प्लास्टिक खातो, त्यातल्या थिनरमुळं. वापरता येतो, पण चांगल्या प्रायमरवर आणि पातळ थरांनी. आधी पांढऱ्या प्लास्टिकच्या आइस्क्रीमच्या चमच्यावर सगळं करून बघा, प्रायमर, कलर, क्लिअर, त्याच क्रमानं त्याच डब्यातून. तो चमचा बऱ्याचदा त्याच जातीच्या प्लास्टिकचा असतो, त्यामुळं किटवर काय होणार ते आधीच कळतं. पहिला थर इतका विरळ की खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे, भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरतो तेवढाच. दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा थोडा जास्त, तिसरा ओला. २० ते २५ सेंटिमीटर अंतर, हात बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. चार्जरच्या मागच्या काचेच्या दोन्ही बाजूला खोल उतार आहेत, आत कलर पोचत नाही, तिथं आधी मारून घ्या आणि मग बाकीची बॉडी.

मेटॅलिक निवडताना पुन्हा २५ चा हिशोब. खऱ्या गाडीच्या कलरमधले चमकीचे कण या साइजला दगडाएवढे दिसतात. एक तर मॉडेलसाठीचा बारीक मेटॅलिक घ्या नाहीतर सरळ साधा कलर मारा, लाल, पांढरा, काळा. काळ्या चार्जरसारखं दुसरं काही नाही हे माझं मत, पण काळा प्रत्येक खड्डा दाखवतो हेही खरं.

मारून झाल्यावर बॉडी लगेच प्लास्टिकच्या टबाखाली झाका आणि हात लावू नका, क्लिअरनंतर आठवडाभर वाळू द्या. लवकर वाळावी म्हणून गच्चीवर पत्र्याच्या पेटीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये ठेवली तर बॉडी वाकडी होते. कलर बिघडलाच तर घाबरू नका, अॅक्रिलिक आणि इनॅमल डेटॉलमध्ये उतरतात. तपकिरी डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं डेटॉलमध्येच घासा, मधे पाणी लागू द्यायचं नाही, लागलं की चिकट लगदा होऊन सगळीकडं बसतो. पूर्ण सुटल्यावरच साबणानं धुवा.

वाळल्यावर २००० च्या पेपरनं पाणी लावून हलक्या हातानं घासा, कडांवर नाही, कडांवरचा कलर सगळ्यात पातळ असतो. मग रबिंग कंपाउंड जुन्या बनियनच्या कापडावर, गोल गोल.

आर/टीच्या शेपटीवरचा आडवा पट्टा किटमध्ये डिकलनं, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या स्टिकरनं, येतो. डिकल बोअरच्या पाण्यात भिजवू नका, क्षार वाळून पांढरे डाग राहतात, बॅटरीवाल्याचं डिस्टिल्ड पाणी घ्या. उंचवट्यावर बसत नसेल तर पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर ब्रशनं लावा, थोडं मऊ होतं.

काचेभोवतीच्या क्रोम पट्ट्यांना मॉडेलवाल्यांची चिकट फॉइल सगळ्यात छान, ती नसेल तर मोलोटोवचा क्रोम पेन, पण त्यावर क्लिअर मारायचा नाही, चमक जाऊन राखाडी होतो. फॉइल लावताना पट्टीपेक्षा मोठा तुकडा टाका, कापसाच्या काडीनं दाबा आणि नव्या ब्लेडनं कडेनं कापा. ब्लेड नवंच, जुनं ब्लेड कापण्याऐवजी फॉइल फाडतं. किटचे बंपर फार चकचकीत वाटत असतील तर क्रोम ब्लीचमध्ये उतरतो, फक्त त्या भांड्यात टॉयलेट क्लीनर वगैरे काही मिसळू नका, विषारी वायू होतो. मागच्या दिव्यांचं क्रोम मात्र ठेवा आणि त्यावर ग्लास पेंटिंगचा पारदर्शक लाल मारा, आतून उजेड येतोय असं वाटतं. १९६९ ला मागं दोन लांब आडवे दिवे आहेत, १९६८ ला गोल होते, खोक्यावरचं चित्र आणि आतली बॉडी एकाच वर्षाची आहे का ते बघून घ्या.

टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर ४०० चा पेपर फिरवा, नवी चमक गेली की वजन येतं. मऊ टायरमधलं रसायन वर्षांनी प्लास्टिकची रिम विरघळवतं, म्हणून रिमच्या कडेला फॉइलचा एक वेढा घालून मग टायर चढवा.

शेवटी नंबर प्लेट. अमेरिकन प्लेट १२ बाय ६ इंच, मॉडेलमध्ये साधारण १२ बाय ६ मिलिमीटर, आकडे तेच राहतात, गंमतच आहे. मी तिथं एमएच १३ लावतो. आपली दोन ओळींची प्लेट ३४० बाय २०० मिलिमीटर, भागली की १३.६ बाय ८, म्हणजे त्या जागेत थोडी मोठी होते, तर कडा बंपरवर टेकू द्या किंवा दोन्ही बाजूनं थोडी छाटा. फोटो पेपरवर लेझर प्रिंट काढायची, मागून पेपरनं घासून पातळ करायची, फेविकॉलच्या एका थेंबानं चिकटवायची. आणि शोकेस ट्रॉफी बनवणाऱ्याकडून अॅक्रिलिकची करून घ्या, आतून २३ बाय ११ सेंटिमीटर आणि ८ उंच सांगा, पश्चिमेच्या खिडकीत मात्र ठेवू नका, लाल कलर असेल तर दोन उन्हाळ्यांत फिका पडतो.